चांद्याचा वीर आणि शस्त्रबंदीचा काळ

चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारातील पिंपळापाशी दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी गर्दी होते. अहेरी, एटापल्ली, राजुरा, मूल अशा दूरदूरच्या भागांतून आलेले आदिवासी बांधव येथे नतमस्तक होतात. १८५८ साली याच दिवशी मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांचे वय तेव्हा अवघे पंचवीस वर्षांचे होते.

अठराशे सत्तावनच्या इतिहासात मेरठ, दिल्ली, कानपूर आणि झाशी यांची नावे ठळक अक्षरांत येतात. चांद्याच्या घनदाट अरण्यात झालेल्या लढ्याला मात्र अनेक ग्रंथांत एखाद्या परिच्छेदावर समाधान मानावे लागते. वास्तविक या लढ्याची कहाणी एका वीराच्या बलिदानापुरती मर्यादित नाही. आणीबाणीच्या प्रसंगी प्रजेच्या हातातील शस्त्र काढून घेण्याचा अधिकार शासनाला किती असावा आणि तो किती काळ चालावा, या आजही जिवंत असलेल्या प्रश्नाचे मूळ त्याच काळात आहे. बाबुरावांचे आयुष्य त्या प्रश्नाच्या ऐन उगमावर उभे आहे.

जमीनदारीचा वारसा

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी अहेरी परिसरातील किष्टापूर येथे झाला. वडील पुल्लेसूर बापू हे मोलमपल्लीचे जमीनदार, तर आईचे नाव जुर्जाकुंवर. बाबुराव हे त्यांचे थोरले अपत्य. गोंड समाजातील मुलांना गोटुलमधून मिळणारे संस्कार त्यांच्यावर झाले. तिरंदाजी, तलवारबाजी आणि जंगलातील वाटांचे ज्ञान त्यांना लहानपणीच मिळाले. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना रायपूरला पाठविण्यात आल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. अठराव्या वर्षी राजकुंवर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ते मोलमपल्लीच्या कारभारात लक्ष घालू लागले.

आजच्या वाचकाला जमीनदार म्हटले की सावकारी वाड्यातील धनिक आठवतो. चांद्याच्या पूर्वेकडील जमीनदाऱ्यांचे स्वरूप त्याहून वेगळे होते. चांदा ही एकेकाळी गोंड राजांची राजधानी. अठराव्या शतकाच्या मध्यास हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. परंतु वैनगंगा आणि प्राणहिता यांच्या पलीकडील डोंगराळ मुलखावर प्रत्यक्ष अंमल राहिला तो स्थानिक गोंड जमीनदारांचाच. आपल्या प्रदेशाचा बंदोबस्त राखणे ही त्यांची जबाबदारी असे आणि त्यासाठी त्यांच्या पदरी हत्यारबंद माणसे असत. या जमीनदाऱ्यांत अहेरी सर्वांत मोठी.

सामान्य माणसाच्या घरीही हत्यार असे. वाघ, अस्वल आणि रानडुक्कर यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसाला भाला, कुऱ्हाड आणि तीरकमठा ही रोजच्या संसारातील साधने होती. पिकाची राखण, शिकार आणि स्वसंरक्षण यांत तेथे फारसा भेद नव्हता. हत्यार बाळगण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागते, ही कल्पनाच त्या जगाला अपरिचित होती.

राज्य बदलले

११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून पुढील वर्षी नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदाही कंपनीच्या अमलाखाली आला आणि १८५४ च्या अखेरीस येथे पहिला इंग्रज डेप्युटी कमिशनर रुजू झाला. भोसल्यांच्या सैन्यातील आणि सरदारांच्या पदरचे कित्येक शिपाई बेकार झाले. जमिनीची मोजणी, महसुलाची नवी बांधणी आणि अधिकाऱ्यांची ये-जा यांमुळे पिढ्यान् पिढ्या स्वतःच्या मर्जीने कारभार करणाऱ्या जमीनदारांना आपले स्थान डळमळीत झाल्याची जाणीव होऊ लागली. बाबुराव त्या वेळी विशीत होते.

मे १८५७ मध्ये मेरठला बंड झाले आणि महिन्याभरात त्याचे धक्के नागपूरपर्यंत आले. जूनमध्ये नागपुरातील घोडदळात उठावाचा बेत आखला गेला. तो फसला. कमिशनर प्लाउडन यांनी मद्रासी पलटणींच्या बळावर या घोडदळाची हत्यारे काढून घेतली. बंडाचा संशय येताच आधी शस्त्र उतरवायचे, हे त्या वर्षी कंपनी सरकारचे ठरलेले धोरण होते.

शिपायांपुरते असलेले हे धोरण लवकरच सर्वसामान्य प्रजेपर्यंत पोहोचले. १८५७ सालच्या अठ्ठाविसाव्या अधिनियमाने हत्यारे आणि दारूगोळा यांची आयात, निर्मिती, विक्री आणि बाळगणूक सरकारी नियंत्रणाखाली आणली. बंडाच्या धामधुमीत ठरावीक मुदतीपुरता केलेला हा कायदा होता. त्याच वर्षी बंडखोरांवर झटपट खटले चालवून जबर शिक्षा देण्यासाठी आणखी काही कायदे झाले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. सत्ता धोक्यात आली असता सरकारने स्वतःकडे घेतलेले हे असाधारण अधिकार होते.

कलकत्त्यात कायदा होणे आणि प्राणहितेच्या काठी तो अमलात येणे यांत मात्र मोठे अंतर होते. एकीकडे देशभर हत्यारे काढून घेण्याची तयारी चालली असता, दुसरीकडे मोलमपल्लीत हत्यारे गोळा होत होती. २४ सप्टेंबर १८५७ रोजी बाबुरावांनी जंगोम दलाची स्थापना केली. गोंड आणि माडिया तरुणांबरोबर रोहिलेही त्यात सामील झाले. दलाची संख्या पाचशेच्या आसपास होती, असे सांगितले जाते.

राजगड ते बामणपेठ

मार्च १८५८ मध्ये बाबुरावांनी राजगड परगण्यावर चाल केली. इंग्रजांच्या बाजूचा हा मुलूख त्यांच्या ताब्यात गेला. जिल्हा गॅझेटिअरसारख्या सरकारी ग्रंथांत या घटनेची नोंद लुटालूट अशी आहे, तर चांद्याच्या लोकपरंपरेत ती स्वातंत्र्यलढ्याची पहिली चढाई मानली जाते. दोन्हींकडे पाहिल्यावर एक गोष्ट निःसंशय दिसते. चांद्याच्या सरकारला हा प्रकार एखाद्या दरोड्यासारखा किरकोळ वाटला नव्हता.

डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी चांद्याहून तातडीने फौज रवाना केली. १३ मार्च रोजी नांदगाव-घोसरीजवळ दोन्ही बाजूंची गाठ पडली आणि सरकारी फौजेला माघार घ्यावी लागली. गढीसुर्ल्याच्या टेकडीवरून बाबुरावांच्या माणसांनी दगडधोंड्यांचा वर्षाव करून शत्रूला हैराण केल्याची आठवण या भागात आजही सांगितली जाते.

या यशानंतर अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव हे बाबुरावांना येऊन मिळाले. दोघांच्या एकत्रित बळामुळे उठावाचा विस्तार वाढला. १९ एप्रिल रोजी सगणापूर आणि २७ एप्रिल रोजी बामणपेठ येथे पुन्हा चकमकी झाल्या. दोन्ही ठिकाणी सरकारी फौजेला बंडवाल्यांचा बीमोड करता आला नाही.

इंग्रजांकडे बंदुका चांगल्या आणि शिस्तबद्ध शिपाई होते. बाबुरावांच्या पक्षाकडे भाले, तलवारी, तीरकमठे आणि जुन्या बंदुका. तरीही दीड महिना ते टिकून राहिले, याचे कारण शस्त्रापेक्षा भूमीत होते. कोणत्या नाल्यातून घोडा जातो, कोणत्या घाटात फौज अडते आणि कोणत्या पाड्यावर धान्य मिळते, हे त्यांना ठाऊक होते. त्या मुलखातील माणसे त्यांची होती.

चिंचगुंडीची रात्र

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री या लढ्याला वेगळे वळण लागले. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या कर्मचाऱ्यांची छावणी होती. बंडाच्या वर्षांत तारेने इंग्रजांना किती मदत केली, हे सर्वश्रुत आहे. ज्या बातमीला पूर्वी आठवडे लागत, ती काही तासांत पोहोचू लागली होती. बंडवाल्यांनी या छावणीवर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. त्यांचा सहकारी पीटर निसटला आणि त्याने चांद्याला जाऊन क्रिक्टन यांना हकीगत सांगितली.

मारले गेलेले दोघे लढवय्ये शिपाई नव्हते. लढ्याचा गौरव करताना ही बाब झाकून ठेवण्याचे कारण नाही. तार हे इंग्रज सत्तेचे हत्यार होते, हे जितके खरे, तितकेच दोन नोकरदारांचे प्राण त्या रात्री गेले, हेही खरे. या घटनेनंतर तडजोडीची शक्यता संपली. बाबुरावांना पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाल्याचे सांगितले जाते.

बंदोबस्ताची दुसरी बाजू

सरळ लढाईत यश येत नाही, हे क्रिक्टन यांना कळून चुकले होते. त्यांनी अहेरीकडे मोर्चा वळविला. अहेरीची जमीनदारी तेव्हा लक्ष्मीबाई यांच्याकडे होती. मोलमपल्ली अहेरीच्याच प्रभावक्षेत्रात येत असे आणि चिंचगुंडीही त्याच भागात. क्रिक्टन यांनी त्यांच्याकडे बंडवाल्यांना पकडून देण्याची मागणी केली. त्या मागणीमागे जरब होती. साहाय्य न केल्यास जमीनदारी धोक्यात येणार, हे सांगण्याची गरज नव्हती. काही वर्षांपूर्वी नागपूरचे राज्यच बुडालेले सर्वांनी पाहिले होते.

लक्ष्मीबाईंनी इंग्रजांना साहाय्य करण्याचे ठरविले. त्यांच्या पदरच्या रोहिल्यांनी बाबुरावांना भोपाळपट्टणम येथे गाठले. तेथून ते एकदा निसटले. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी अहेरीच्या माणसांनी त्यांना पकडले आणि त्यांची रवानगी चांद्याला झाली.

या घटनाक्रमातून एक विसंगती लख्ख दिसते. प्रजेच्या हाती शस्त्र असणे धोक्याचे आहे, या भूमिकेवर सरकारने देशभर कडक नियंत्रण आणले होते. परंतु चांद्याच्या जंगलात बंड मोडले ते सरकारी शिपायांनी नव्हे, तर एका जमीनदारिणीच्या हत्यारबंद माणसांनी. ती हत्यारे सरकारला चालली, कारण ती सरकारच्या बाजूने उचलली गेली होती. नियमनाचा अर्थ शस्त्र कमी करणे असा नव्हता. शस्त्र कोणाच्या हाती राहावे, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे घेणे, असा होता.

लक्ष्मीबाईंना आज दोष देणे सोपे आहे. त्यांच्यासमोर एका बाजूला आपल्याच समाजातील बंडखोर तरुण आणि दुसऱ्या बाजूला राज्य गिळंकृत करणारी सत्ता होती. त्यांनी आपली जमीनदारी वाचविली. त्याची किंमत बाबुरावांनी मोजली.

तेहतीस दिवस

पकडल्यापासून फाशीपर्यंत केवळ तेहतीस दिवस गेले. बंडाच्या आरोपावरून बाबुरावांवर खटला चालला आणि त्यांना देहान्ताची शिक्षा झाली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तिची अंमलबजावणी झाली. योगायोग असा की, अकराच दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला. कंपनीचे राज्य संपून भारताचा कारभार थेट राणीच्या नावाने सुरू झाला. इंग्रज प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांना वगळून इतर बंडवाल्यांना माफी देण्याचे आश्वासन त्यात होते. चिंचगुंडीच्या घटनेमुळे बाबुरावांना त्याचा लाभ मिळाला असता की नाही, याविषयी तर्कच करता येतात.

लोकमानसाने मात्र या मृत्यूला आपल्या परीने उत्तर दिले. फाशीचा दोर पुन्हा पुन्हा तुटला, बाबुरावांच्या अंगी अलौकिक सामर्थ्य होते, अशा कथा गोंड वस्त्यांमधून सांगितल्या जातात. इतिहास म्हणून त्यांना आधार नाही. परंतु तो माणूस सहजासहजी मेला, हे मान्य करायला समाज तयार नव्हता, एवढे त्यांतून समजते.

व्यंकटराव बस्तरकडे निसटले. एप्रिल १८६० मध्ये तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांची जमीनदारी जप्त झाली. अडपल्ली आणि घोट येथील सदुसष्ट गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून देण्यात आली. बंडाचा हिशेब सरकारने असा पुरा केला.

तात्पुरते ते कायमचे झाले

बंड शमले. ज्या संकटासाठी असाधारण अधिकार घेतले होते, ते संकट टळले. अधिकार मात्र परत गेले नाहीत. १८६० मध्ये एकतिसावा अधिनियम आला. त्यात हत्यारांच्या निर्मितीवर आणि विक्रीवर नियंत्रण तर होतेच, शिवाय एखाद्या भागात सरसकट निःशस्त्रीकरण करण्याचा अधिकारही सरकारला मिळाला.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ मध्ये, भारतीय शस्त्र अधिनियम झाला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा त्याने गुन्हा ठरविला. शस्त्राच्या व्याख्येत तलवार, भाला आणि तीरकमठा यांचाही समावेश होता. १८६० च्या कायद्यानुसार ज्या भागांत निःशस्त्रीकरण लागू होते, तेथे परवान्याविना कोणतेही शस्त्र ठेवण्यास नव्या कायद्याने मनाई केली. बंडानंतर अवघी वीस वर्षे लोटली होती आणि आणीबाणीतील हुकूम नित्याच्या कायद्यात मुरला होता. युरोपीय मंडळींना मात्र या कायद्याच्या अनेक बंधनांतून सूट होती.

सुशिक्षित भारतीयांना हा भेदभाव बोचू लागला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने शस्त्र कायद्याविषयी ठराव केला. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख होता. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने तो हक्क स्वीकारला नाही. नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचे स्वातंत्र्य दिले. फाळणीच्या रक्तपाताचा अनुभव ताजा असताना झालेला हा निर्णय होता.

मुदत आणि उत्तरदायित्व

१८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. जुन्या कायद्याचा हेतू संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करण्याचा होता, अशी कबुली नव्या विधेयकाच्या उद्दिष्टांतच देण्यात आली. पिकाच्या राखणीसाठी लागणाऱ्या भरमार बंदुकीचा विचारही या कायद्यात आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

आणीबाणीतील अधिकार याही कायद्यात आहेत. सार्वजनिक शांततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. १९८३ मध्ये घातलेल्या कलमानुसार अशांत क्षेत्रात विशिष्ट शस्त्रे बाळगण्यास मनाई करता येते. परंतु अशी अधिसूचना पहिल्या खेपेस नव्वद दिवसांहून अधिक काळाची असू शकत नाही आणि मुदतवाढही एका वेळी तेवढ्याच मर्यादेत द्यावी लागते. परवाना काढून घेताना कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर चक्रीवादळाने बुडाले, तेव्हा पोलिसांनी नागरिकांच्या बंदुका जप्त केल्या. त्यावर वादळ उठले आणि पुढील वर्षी तेथील संसदेने आपत्तीच्या काळात कायदेशीर बंदुका अशा रीतीने जप्त करण्यास मनाई करणारी तरतूद केली. भारताने असा मार्ग स्वीकारला नाही आणि दंगलीची झळ सोसलेल्या शहरांतील रहिवासी त्याबद्दल तक्रारही करणार नाहीत. पेटलेल्या वस्तीत हत्यारांवर बंदी घालण्याचा अधिकार शासनाकडे असलाच पाहिजे. चांद्याचा इतिहास सांगतो तो एवढाच की, अशा अधिकाराला मुदत हवी, कारण हवे आणि त्याचा जाब विचारणारे कोणीतरी हवे. १८५७ च्या राज्यकर्त्यांना जाब विचारण्याची सोय प्रजेकडे नव्हती.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतरची चार दशके या भूमीने बंदुकीचा दुहेरी जाच अनुभवला. नक्षलवाद्यांची बंदूक आणि त्यांचा बंदोबस्त करणाऱ्यांची बंदूक, यांच्यामध्ये सामान्य आदिवासी भरडला गेला. अलीकडच्या काळात अनेक गावांतील लोकांनी घरातील जुन्या भरमार बंदुका स्वेच्छेने पोलिसांच्या स्वाधीन केल्या. धाकाने काढून घेतलेले शस्त्र आणि विश्वासाने खाली ठेवलेले शस्त्र यांतील अंतर या जिल्ह्याइतके कोणाला कळणार?

१२ मार्च २००९ रोजी, बाबुरावांच्या जयंतीदिनी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या सत्तेने त्यांना बंडखोर म्हणून फासावर चढविले, तिची जागा घेणाऱ्या प्रजासत्ताकाने त्यांना हुतात्मा म्हणून गौरविले. पिंपळाखाली वाहिलेली फुले संध्याकाळपर्यंत कोमेजतात. मात्र संकट संपल्यावर शासनाने घेतलेला अधिकारही संपला का, हे तपासण्याचे काम नागरिकांना दरवेळी नव्याने करावे लागते.